एका बाईमागे दोन मोहदैत्य: पॅरानॉर्मल रोमान्समधली चुरस कशी उभी करावी

पॅरानॉर्मल रोमान्समध्ये, म्हणजे अलौकिक जीवांच्या प्रेमकथेत, दोन मोहदैत्य एकाच बाईच्या मागे लागले की गोष्ट आपोआप तापेल, असं लिहिणाऱ्याला वाटतं. पहिली पन्नास पानं तापतेही. मग दोघं एकमेकांसारखे बोलू लागतात. दोघांचे डोळे गहिरे, दोघांचा आवाज मखमली, दोघंही खिडकीतून येतात आणि दोघांनीही 'अशी स्त्री कित्येक शतकांत पाहिलेली नाही'. वाचणारी कुणाची तरी बाजू घेते, पण ती केसांच्या रंगावरून. दोन पात्रांऐवजी एकाच पात्राचे दोन फोटो हाती आले, की असं होतं.

दोष बहुधा वर्णनात नसतो, भुकेत असतो. मोहदैत्य म्हणजे जगण्यासाठी ज्याला माणसाच्या इच्छेतून काहीतरी काढून घ्यावं लागतं असा जीव. दोघंही नेमकं तेच काढून घेत असतील, तर ते एका ताटावरचे दोन पाहुणे. त्यांचं भांडण वाटणीवर मिटतं. दोघांचं खाणं वेगळं असेल आणि एकाच्या खाण्याने दुसऱ्याचं उभं पीक झोपत असेल, तर मात्र ते मिटवायला जागाच उरत नाही. खालची सगळी कामं याच एका निर्णयावर उभी आहेत. तो चुकला तर पुढची डागडुजी व्यर्थ.

भूक आधी, चेहरा नंतर

वहीच्या पहिल्या पानावर दोघांसाठी एकेक वाक्य लिहा: 'हा अमुक खातो.' त्या 'अमुक'च्या जागी 'वासना', 'ऊर्जा' किंवा 'प्राणशक्ती' आलं तर खोडून टाका. हे शब्द इतके मोघम आहेत की त्यांतून प्रसंग निघत नाही. वासनेचे बारीक तुकडे करा: वाट पाहणं, हेवा, पहिल्या नजरेचा धक्का, लपवाछपवीतली मजा, कबुली देण्याची घाई, मिळाल्यावरचं समाधान, मिळून गेल्यावरची हुरहुर. यांतले दोन असे निवडा की एक वाढला की दुसरा मरतो.

लेखभर एकच उदाहरण चालवू. सानिका, वय ३१, जुनी घड्याळं दुरुस्त करते. आईमागे राहिलेलं टोल्यांचं घड्याळ सात वर्षं बंद आहे. ते एकदा वाजलेलं तिला ऐकायचंय. पहिला मोहदैत्य व्योम अपुरी ओढ खातो. माणसाला हवं ते मिळत नाही तोवर त्याचं पोट भरलेलं, मिळालं की तो उपाशी. दुसरा उदयन तृप्ती खातो. इच्छा पुरी झाल्याचा जो क्षण असतो तोच त्याचा घास, त्याआधीची सगळी तळमळ त्याच्या लेखी कच्चं फळ.

आता घड्याळाकडे बघा. ते बंद आहे तोवर व्योमची चंगळ, वाजलं की उदयनची. म्हणून एके रात्री एक दातेरी चाक गायब होतं आणि आठवड्याने उदयन हुबेहूब तसंच चाक घेऊन दारात उभा राहतो. सानिकाला तो भला वाटतो, वाचणारीलाही वाटतो. तो पीक कापायला आलाय हे बऱ्याच उशिरा कळतं. अजून कुणी कुणाचा हातही धरलेला नाही, तरी लढाई जुंपली आहे. मोहदैत्यांची भूक अंथरुणाबाहेरच्या इच्छांनाही लागू केली की कादंबरीला असे प्रसंग मिळतात. फक्त अंथरुणापुरती ठेवली, तर तोच प्रसंग फिरून फिरून लिहावा लागतो.

आणखी जोड्या सुचवायच्या तर: गुपित खाणारा आणि कबुली खाणारा. कारण कबुली दिली की गुपित संपलं. किंवा पहिलेपण खाणारी आणि सवय खाणारा, म्हणजे एकीला पहिली भेट हवी, दुसऱ्याला शंभरावी. प्रेम खाणारा विरुद्ध द्वेष खाणारा ही जोडी मात्र टाळावी. त्यात कोण जिंकणार ते दुसऱ्या पानावर उघडं पडतं.

भूक नीट बसली का हे तपासण्याची सोपी पद्धत आहे. व्योमचा एक प्रसंग घ्या, त्यात सगळीकडे उदयनचं नाव घाला आणि वाचा. प्रसंग तसाच चालला तर वहीच्या पहिल्या पानाकडे परत.

नियमांचं पान

प्रत्येकाला तीन शक्ती, दोन मर्यादा आणि एक किंमत पुरते. चौथी शक्ती दिली की ती लेखकाच्या सोयीसाठी आलेली असते आणि वाचकाला ते कळतं. व्योमचं पान असं दिसेल: ओढ कुठे आहे ते त्याला वासाने कळतं, स्वप्नात शिरता येतं, छोटी वस्तू हात न लावता हलवता येते. मर्यादा: ज्या घरात त्याला नावाने हाक मारलेली नाही तिथे तो जागेपणी दिसू शकत नाही, आणि नऊ रात्री उपाशी राहिला तर धरलेलं रूप विरू लागतं. किंमत: तो ज्या ओढीवर जगतो ती फुगते आणि बाकीच्या इच्छा सुकतात. सानिकाला जेवण नकोसं होतं, मैत्रिणीचा फोन घ्यावासा वाटत नाही, रात्र रात्र ती त्या एका घड्याळापुढे बसते.

उदयनची किंमत वेगळी हवी, आणि आधी लक्षात न येणारी. तो खाऊन गेला की आठवण राहते, तिची चव जाते. बहिणीचं लग्न, पहिली कमाई, आईने पाठीवरून फिरवलेला हात, सगळं घडलं हे सानिकाला पक्कं ठाऊक असतं, फक्त आठवल्यावर काहीच वाटत नाही. एकदा खाल्लं की त्याला महिना पुरतं. म्हणून तो सभ्य, निवांत आणि कमी धोक्याचा दिसतो.

किंमत थकवा, फिकट चेहरा आणि काळी वर्तुळं एवढ्यावर ठेवू नका. ती झोपेने भरून निघते. न भरून निघणारं काहीतरी पणाला लागलं पाहिजे.

इथे एक कंटाळवाणं पण अटळ काम: उपासाचं कॅलेंडर. प्रत्येक प्रकरणाच्या समासात लिहीत जा, आज गोष्टीतला कितवा दिवस, व्योम किती रात्रींचा उपाशी, उदयनने शेवटचं केव्हा खाल्लं. नऊ रात्रींची मर्यादा घालून दिलेला दैत्य चार प्रकरणांत तीन आठवडे निव्वळ उसासे टाकत काढतो, ही चूक मसुद्यामागून मसुद्यात सापडते.

त्याच कॅलेंडरमधून एक अवघड प्रश्न वर येतो, ज्याला बरेच लिहिणारे बगल देतात. प्रेमात पडल्यावर तो नायिकेला खात नाही, ठीक. मग कुणाला खातो? शहरातल्या इतर बायकांना खात असेल तर ती बेइमानी आहे का? हे तुमच्या पात्रांना एकमेकांना विचारावंच लागतं. तीन उत्तरं चालतात. तो उपास करतो आणि त्याचं रूप खरोखर विरतं. तो माणसांच्या गर्दीतून, कुणा एकाचं नुकसान होणार नाही इतकं थोडं थोडं उचलतो. किंवा तो खातो, खोटं बोलतो आणि पकडला जातो. तिसऱ्यातून सर्वांत चांगला मध्य मिळतो. 'खऱ्या प्रेमाने त्याची भूकच नाहीशी झाली' हे उत्तर घेतलंत तर तुमच्याकडे मोहदैत्य उरला नाही, देखणा तरुण उरला.

परंपरेतून काय उचलावं

युरोपी परंपरेत पुरुषरूपी मोहदैत्य म्हणजे इन्क्युबस आणि स्त्रीरूपी म्हणजे सक्युबस. लॅटिनमधल्या 'इन्क्युबस'च्या मुळाशी वर निजणं आहे आणि 'सक्युबस'च्या मुळाशी खाली निजणं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने मांडलंय की एकच दैत्य आधी स्त्रीरूपाने पुरुषाकडून बीज घेतो आणि मग पुरुषरूपाने स्त्रीला देतो. म्हणजे जुन्या मांडणीतही स्त्री-पुरुष हा वेशाचा भाग होता. याचा लिहिताना सरळ उपयोग आहे: तुमचे प्रतिस्पर्धी दोन पुरुषच असले पाहिजेत असं नाही. एक इन्क्युबस आणि एक सक्युबस, किंवा दर वेळी रूप बदलून येणारा एकच स्पर्धक, हे मूळ कल्पनेला धरूनच आहे.

छातीवर बसणाऱ्या दैत्याच्या कथांमागे झोपेतला लकवा असतो असं मानतात. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल सुटलेले असतात. त्यातच जाग आली तर डोळे हलतात पण हातपाय नाहीत, छातीवर ओझं वाटतं आणि खोलीत कुणीतरी आहे अशी खात्री होते. काही सेकंद ते दोन-एक मिनिटं हा प्रकार टिकतो. चित्रकार हेन्री फ्युसेलीने १७८१ मध्ये काढलेल्या दुःस्वप्नाच्या चित्रात निजलेल्या बाईच्या छातीवर बसलेला तो प्राणी हाच. असा प्रवेश लिहिणार असाल तर एक ध्यानात ठेवा: ज्या बाईला हलता येत नाही तिच्या नजरेतून ते भयाचं दृश्य आहे. त्यात शृंगार मिसळलात तर पुढच्या पन्नास पानांचा विश्वास गेला.

मत्सरी दैत्याचा उत्तम नमुना बायबलच्या परंपरेतल्या तोबितच्या पुस्तकात आहे. अस्मोदेउस हा दैत्य सारा नावाच्या तरुणीच्या सात नवऱ्यांना लग्नाच्या रात्रीच मारतो. आठवा तोबिया माशाचं काळीज आणि यकृत जाळून धूर करतो आणि त्या वासाने दैत्य थेट इजिप्तला पळतो. शिकण्याजोगी गोष्ट त्या उपायाचा बारकावा. ना तलवार, ना तेजोवलय, माशाचे दोन अवयव आणि निखारे. तुमच्या दैत्याची मर्यादाही इतकीच हाताला लागणारी असू द्या.

आपल्याकडचं भांडवल याहून श्रीमंत आहे. शतपथ ब्राह्मणातल्या पुरूरवा-उर्वशीच्या कथेत तिने घातलेल्या अटींपैकी एक अशी, की तो तिला विवस्त्र दिसता कामा नये. गंधर्वांना ती परत हवी होती. त्यांनी पुरूरव्याला हातही लावला नाही. तिच्या पलंगाशी बांधलेली मेंढीची पिल्लं रात्री पळवली, तो तसाच उठून धावला, आणि त्यांनी वीज चमकवली. अट मोडली, ती गेली. प्रतिस्पर्ध्याने शत्रूचाच नियम शत्रूवर उलटवला, ताकद वापरली नाही. नियमांचं पान बनवायचं ते यासाठी. व्योमला हरवायचं तर उदयनने त्याच्याशी मारामारी करण्याची गरज नाही. व्योमला कुणी नावाने हाक मारणार नाही एवढी व्यवस्था केली की पुरे.

सुंद-उपसुंदांची कथा मात्र धोक्याची पाटी म्हणून भिंतीवर लावा. तिळातिळाने घडवलेल्या तिलोत्तमेसाठी दोघं भाऊ एकमेकांना मारतात. कथा म्हणून चोख. पण तिलोत्तमेला काय हवं होतं हे कुणी विचारत नाही, कारण ती तिथे सापळ्यातला घास म्हणून आहे. रोमान्समध्ये नायिका तशी झाली की पुस्तक तिचं राहत नाही.

नावाबद्दल थोडंसं. 'राक्षस' म्हटलं की रावण येतो, 'भूत' म्हटलं की पिंपळ, 'हडळ' म्हटलं की उलटे पाय. इन्क्युबस हा शब्द मराठी संवादात परका वाटतो, पण पात्रांनी तो पुस्तकात वाचला असेल तर चालतो. गंधर्व किंवा यक्ष घेतलात तर वाचक संगीत आणि कुबेराचा खजिना सोबत आणणार, तेही गृहीत धरा. स्वतः शब्द घडवणार असाल तर तो रागात ओरडून म्हणता आला पाहिजे. मोठ्याने म्हणून बघा. तीनपेक्षा जास्त जोडाक्षरं असतील तर सोडून द्या.

मोहिनी आणि मर्जी

या प्रकारातला सर्वांत मोठा खड्डा. ज्याच्या अंगात मोहिनी आहे त्याच्या मिठीत नायिका गेली, तर ती तिच्या मर्जीने गेली हे कशावरून? प्रश्न वाचणारीच्या मनात येणारच. तो पुस्तकात आधी यावा, आणि नायिकेच्या तोंडून यावा.

'तिच्यावर मोहिनी चालतच नाही' ही सर्रास वापरली जाणारी पळवाट आहे. ती घेतलीत तर नायिका विशेष का, याचं कारण रक्तात किंवा भविष्यवाणीत शोधावं लागतं आणि दैत्य तिच्यापुढे निःशस्त्र होतो. त्यापेक्षा मोहिनी चालू द्या, पण तिला ओळखता येईल अशी खूण द्या. व्योमची मोहिनी लागली की सानिकाला सगळी घड्याळं एका ठेक्यात ऐकू येतात, जे एरवी कधीच होत नाही. उदयनची लागली की आवाज एकदम थांबतात. खूण शरीराची किंवा कानाची असावी. 'आतून काहीतरी वेगळं वाटलं' ही खूण धरू नका, ते प्रेमातही वाटतं.

मग हिशेब सोपा. पहिल्या चुंबनाआधी किमान दोन प्रसंग असे लिहा की मोहिनी बंद आहे, ती बंद असल्याचं वाचकाला दिसतंय, आणि तरी सानिकाचं लक्ष त्याच्याकडे जातंय. घड्याळं आपापल्या बेसूर गतीने टिकटिकतायत आणि व्योम खाली बसून सांडलेले स्क्रू वेचतोय. एवढं पुरतं. प्रत्यक्ष चुंबनाच्या वेळीही टिकटिक बेसूरच ऐकू आली, तर एका शब्दाने मर्जी सिद्ध होते आणि भाषण द्यावं लागत नाही.

मोहिनी तिच्या इच्छेविरुद्ध वापरली गेलीच, तर त्याला पुस्तकात चूक म्हटलं गेलं पाहिजे, परिणाम झाला पाहिजे, आणि भरपाईला निदान पुस्तकाचा पाचवा भाग दिला पाहिजे. पुढच्या प्रकरणात फुलं आणून माफी मिळते तिथे वाचणारी पुस्तक मिटते. नायिका प्रौढ आहे हे पहिल्या प्रकरणातच वयासकट स्पष्ट असू द्या. आणि दैत्याने सात शतकं काय पाहिलं हे तो तिच्यावर वडीलकीने लादत नाही ना, यावर नजर ठेवा.

याच्या उलट बाजूने मिळणारी वेदना बहुतेक लिहिणारे हातची घालवतात. मोहदैत्यालाही कधी कळत नाही की समोरची व्यक्ती त्याच्याकडे आली की त्याच्या मोहिनीकडे. कुणी 'नको' म्हटलं की त्याला पहिल्यांदा ठाऊक होतं, समोर माणूस आहे. सानिकाचा पहिला ठाम नकार व्योमला सुखावतो आणि त्याचं पोटही भरतो, कारण ओढ अपुरी राहिली. त्याचा आनंद कशाचा? हे त्याला स्वतःलाही सांगता येऊ नये.

दोघांमधलं जुनं देणंघेणं

नायिका येण्याआधी त्यांच्यात किमान तीन चकमकी झालेल्या असाव्यात. एक व्योमने जिंकलेली, एक उदयनने, आणि एक जिच्याबद्दल दोघांचं म्हणणं वेगळं आहे. तिसरी पूर्ण कधीच उलगडू नका. दोघांना एकमेकांना ठार मारता येणार नाही असा नियमही घाला, नाहीतर शेवट हाणामारीत जातो आणि निवड नायिकेच्या हातून निसटते.

नायिका हजर नसलेले, फक्त दोघांचे असे तीन प्रसंग तरी हवेत. जगात दोघांना पूर्ण ओळखणारं दुसरं कुणी नाही: उपास म्हणजे काय, रूप विरताना कसं वाटतं, शंभर वर्षांपूर्वी कोण मेलं. वैरात ती आपुलकी झिरपली की वाचणारीला दोघंही गमावावेसे वाटत नाहीत. नेमकं तेच हवंय. एकाला पुस्तकभर कपटी ठेवून शेवटी त्याचं कपट उघडं करण्यात चुरस नसते. तो नुसता वेळकाढूपणा.

प्रकरणांचा आराखडा

ऐंशी हजार शब्दांची कादंबरी धरू: अडीच हजार शब्दांची ३२ प्रकरणं. निवेदन तृतीयपुरुषी ठेवलंत तर सानिकाला साधारण साठ टक्के आणि दोघांना वीस-वीस. उदयनच्या डोक्यात मात्र सोळाव्या प्रकरणाआधी शिरू नका, नाहीतर चाक का आणलं ते फुटेल.

पहिलं प्रकरण घड्याळ आणि सानिकाचं रोजचं जगणं. तिला दैत्यांशिवायही एक गरज आणि एक मुदत हवी, जसं दुकानाची जागा चार महिन्यांत सोडायची आहे. दुसऱ्यात व्योम. चौथ्यात उदयनची फक्त खूण: सानिका बहिणीच्या लग्नाचे फोटो बघते आणि तिला काही वाटत नाही. कारण सांगू नका. सहाव्यात तो चाक घेऊन येतो. नवव्यापर्यंत ते कोण आहेत हे तिला कळलेलं असावं. त्यापुढे अज्ञान ताणलं तर नायिका मठ्ठ दिसते. अकराव्यात व्योमबरोबर पहिलं चुंबन. चौदाव्यात उदयनबरोबर तितकाच खरा ओलावा, चुंबन नसलं तरी चालेल. दुसऱ्याला खरी संधी न देता त्रिकोण काढणं म्हणजे आधीच पेपर फोडून परीक्षा घेणं.

सोळाव्यात किंमत उघडी पडते, दोघांचीही, एकाच रात्री. इथून पुढची सात प्रकरणं नायिकेची. ती नियम शिकते आणि वापरते: व्योमला उपाशी ठेवायचं तर छोट्या छोट्या इच्छा लगेच पुऱ्या करायच्या, उदयनला रोखायचं तर काहीच पूर्ण होऊ द्यायचं नाही. दोन्ही एकदम जमत नाही, आणि ही तिची खरी कोंडी. बऱ्याच मसुद्यांत या टप्प्यावर नायिका नुसती रडते किंवा पळवली जाते. मधला भाग ढेपाळतो तो त्यामुळे.

चोविसाव्यात जिच्यावर तिने भरवसा टाकला ती बाजू भुकेपुढे हरते. तिसाव्यात कसोटी. कसोटी कशी ठरवायची? भुकेच्या पानाकडे जा. प्रत्येकाने आपल्या भुकेच्या नेमकं उलट वागून दाखवलं पाहिजे. ओढ खाणाऱ्या व्योमने लपवलेलं मूळ चाक परत आणून द्यायचं, ते बसलं की आपण उपाशी हे जाणून. तृप्ती खाणाऱ्या उदयनने ते पहिले टोले ऐकत उभं राहायचं आणि एकही न खाता निघायचं. दोघांपैकी कुणाला हे जमतं, कुणाला अर्धंच जमतं, ते तुम्ही ठरवा. भाषणं, मिठ्या, रक्त, कशाचीही गरज उरत नाही. घड्याळात किती वाजले हेही नीट ठरवा. बारा टोले फार लांबतात, तीन फार लवकर संपतात. सात बरे.

प्रणयदृश्यांबाबत एवढंच: भूक त्या दृश्यातही चालू असते. व्योम लांबवणार, उदयन पोचवणार. वर्णन उघड असो की दार लावून घेतलेलं, कुणी काय सोसून काय सोडलं हे दृश्य संपताना बदललेलं असायला हवं. नसेल तर ते दृश्य काढा, कादंबरीला कळणारही नाही.

तू, तुम्ही, आपण

मराठीत लिहिणाऱ्याच्या हातात एक फुकटचं हत्यार आहे. व्योम पहिल्या वाक्यापासून 'तू' म्हणतो, आणि ते आगाऊपणाचं वाटतं. उदयन 'तुम्ही' म्हणतो आणि चौदाव्या प्रकरणापर्यंत ते सोडत नाही. तो ज्या दिवशी पहिल्यांदा 'सानिका, ऐक' म्हणेल त्या दिवशी वाचणारी थबकली पाहिजे. म्हणून ते वाक्य चुकून आधी कुठे पडलेलं नाही ना, हे शोधून बघा. सानिका दोघांना काय म्हणते हेही ठरलेलं असावं: रागात 'तू' वर येणं आणि दुरावा आल्यावर 'तुम्ही' वर जाणं हे दोन वेगळे फटके आहेत. 'आपण' फक्त दोन दैत्य एकमेकांशी बोलताना ठेवा, जुन्या दरबारी वैराला ते शोभतं आणि दोघांचं वय न सांगता कळतं.

वाक्यांची लांबीही वाटून द्या. ओढ खाणारा वाक्य अर्धं सोडतो, प्रश्न विचारून उत्तर न घेता निघून जातो. तृप्ती खाणारा वाक्य पूर्ण करतो, दुसऱ्याचंही. ही सवय एकदा लागली की 'व्योम म्हणाला' लिहायची फारशी गरज पडत नाही. जुनाट संस्कृत मात्र आवरा. सातशे वर्षांचा दैत्य सातशे वर्षं माणसांत राहतोय, त्याला आजची भाषा येते.

हरलेल्याचं काय करायचं

रोमान्सच्या वाचकाला शेवट आशेचा हवा, ही या प्रकाराची अटच आहे. पण हरलेल्याला मारून टाकणं किंवा घाईने कुणा मैत्रिणीशी जुळवून देणं, दोन्ही हलकं वाटतं. इथेही जुनं उदाहरण कामाला येतं. ऋग्वेदातल्या विवाहसूक्तात, दहाव्या मंडलातल्या पंच्याऐंशीव्या सूक्तात, विश्वावसू या गंधर्वाला सांगितलं जातं: इथून ऊठ, हिला आता नवरा आहे. त्याला शाप नाही, शस्त्र नाही. नमस्कार आणि स्तुती करून त्याला दुसरीकडे पाठवलं आहे.

एकतिसावं प्रकरण त्या धर्तीवर लिहा. निरोप सानिकाने द्यावा, जिंकलेल्याने नाही, आणि तिने त्याला काहीतरी द्यावं जे तो खाऊ शकत नाही. उदयन हरला असेल तर एक न जुळलेलं, कधीच न वाजणारं घड्याळ. व्योम हरला असेल तर नीट चालणारं. दोन हजार शब्दांहून मोठं करू नका, आणि पुढच्या भागाची सोय म्हणून त्याला दारात वळून हसायला लावू नका.

दुसऱ्या मसुद्यातली छाननी

मसुदा आठवडाभर बंद ठेवा. मग शोधाच्या चौकटीत 'डोळे' घाला आणि आकडा बघा. ३२ प्रकरणांत दैत्यांच्या डोळ्यांचं वर्णन सहा-सात वेळा पुरतं. त्यानंतर 'मखमली', 'गूढ', 'अनामिक', 'शहारा' यांचा समाचार घ्या. प्रत्येक ठिकाणी विचारा की त्या क्षणी घड्याळं कशी ऐकू येत होती, आणि जमेल तिथे विशेषण काढून तेच लिहा. मग समासातलं कॅलेंडर सुरुवातीपासून वाचा, फक्त उपासाच्या रात्री मोजत. दहावी रात्र सापडली आणि व्योमची बोटं अजून शाबूत असतील, तर ते प्रकरण पुन्हा लिहायला घ्या.